लेकराआधी तुम्ही दोघं

नाशिक रोड

चि. बाळ यास,

हे पत्र सूनबाईंनाही वाचायला दे, कारण ते तुम्हा दोघांना लिहिलं आहे.

तुझा मेसेज वाचला. फोनवर अशा गोष्टी अर्ध्यातच तुटतात, म्हणून कागद घेतला. पोरगा आठवीत गेल्यापासून रविवारी उठायला कुरकुरतो, शब्बाथ शाळा त्याने सोडली, रात्रीच्या प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत बसतो, मोबाईल काढून घेतला तरी ढिम्म. मे महिन्यात तो माझ्याकडे येईल तेव्हा मी त्याला चार शब्द सांगावेत, असं तुझं म्हणणं.

ते चार शब्द मी त्याला सांगणार नाही. शब्बाथ शाळेत मी अर्धं आयुष्य मुलं शिकवली. दहा आज्ञा, बारा प्रेषितांची नावं, डोंगरावरचं प्रवचन घडाघडा म्हणणारी किती मुलं पुढे देवळाकडे फिरकली नाहीत! आणि एक वचन धड पाठ न होणारी काही मुलं आज मंडळीचा भार उचलतात. असं का होतं ते मला त्यांच्या वह्यांवरून कधी कळलं नाही. त्यांच्या घरी चहाला बसलं की कळायचं. बाप आईशी कसा बोलतो, आई मोलकरणीला कप कोणता देते, पाळक निघून गेल्यावर त्यांच्याबद्दल काय बोलणं होतं, हे ऐकलं की त्या मुलाचा चेहरा मला उलगडायचा.

तुझ्या मुलाला देवाचा कंटाळा आलाय असं मला वाटत नाही. तो तुम्हा दोघांकडे बघतो आहे, आणि बारकाईने बघतो आहे. नाताळात मी तुमच्याकडे होते तेव्हा तुझ्या ऑफिसच्या मंडळींबरोबर आपण हॉटेलात जेवायला गेलो होतो. ताटं आली तशी पोराने सवयीने हात जोडायला घेतले आणि तुझ्याकडे पाहिलं. तू मित्राला रायता वाढत होतास. त्याने हात खाली घेतले. तुझ्या लक्षातही आलं नाही. दोन दिवसांनी चर्चची मंडळी घरी जेवायला आली, तेव्हा तूच मोठ्या आवाजात, चांगली लांबलचक प्रार्थना केलीस. पोराने त्या दिवशी डोळे मिटले नाहीत, ते मी पाहिलं. पंक्तीला कोण बसलंय यावर आपल्या घरची प्रार्थना ठरते, एवढं गणित तेरा वर्षांच्या मुलाला येतं.

हॉटेलात सगळ्यांना ऐकू जाईल अशी प्रार्थना करायची का, असं तू विचारशील. मुळीच नको. चारचौघांनी पाहावं म्हणून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल प्रभू मत्तयाच्या सहाव्या अध्यायात काय बोलला ते तुला ठाऊक आहे. क्षणभर मान खाली घालायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि तुझ्या मित्रांनाही त्याचं काही वाटलं नसतं. मुलाला दाखवायला म्हणून काही करू नकोस, एवढंच माझं सांगणं. दाखवण्यासाठी केलेलं मुलांना लगेच कळतं आणि ते त्यांच्या मनातून उतरतं. तू एकटा असताना जसा आहेस तसाच सगळीकडे दिसलास, तर तुला वेगळा धडा द्यावा लागणार नाही.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याची आज्ञा आहे. आपण ती मुलांच्या पाठांतराची आज्ञा समजून बसलो आहोत. पुन्हा वाच. आधी म्हटलंय की ही वचनं तुझ्या स्वतःच्या हृदयात असोत. मुलं त्यानंतर येतात. आणि शिकवण्याची जागा म्हणून घर, रस्ता, निजणं, उठणं सांगितलंय. वर्ग, फळा, परीक्षा यांचं नाव नाही. बापाच्या मनात जे भरलंय ते रस्त्याने चालताना त्याच्या तोंडून आपोआप निघेल, असं त्यात गृहीत धरलंय. आता पुण्यात गाडी चालवताना तुझ्या तोंडून काय निघतं, ते मागच्या सीटवर कोण ऐकत असतं, याचा विचार तूच कर.

एली याजकाची गोष्ट आपण मुलांना शमुवेलाच्या बाजूने सांगतो. तू आता बाप आहेस, तेव्हा ती एलीच्या बाजूने वाच. हफनी आणि फिनहास देवाच्या अर्पणातलं मांस ओरबाडून खात होते. एलीने त्यांना उपदेश केला नाही असं नाही. चांगला कडक शब्दांत केला. पण त्याने त्यांना आवरलं नाही, आणि ज्या अर्पणात खोट होती त्यावरच सगळं घर पोसलं जात राहिलं. तुमच्या घरी बोलण्याची कमतरता नाही, बाळ. एलीच्या घरीही नव्हती.

आणि पुढे पाहा, त्या एलीच्या हाताखाली वाढलेला शमुवेल स्वतः निष्कलंक. सगळ्या इस्राएलासमोर उभं राहून त्याने विचारलं, मी कुणाचा बैल घेतला, कुणाची लाच घेतली, सांगा. कुणाला बोट दाखवता आलं नाही. तरी त्याची मुलं लाच खाणारी निघाली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आईबापांनी चांगलं वागलं की मुलं चांगली निघतात असा हिशेब कुणी तुझ्यापुढे मांडला तर तो खरा मानू नकोस. लेकरू हे देवाचं आहे, त्याला स्वतःचं मन आहे. माझा मात्र एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घे. शमुवेल दरवर्षी बेथेल, गिलगाल, मिस्पा अशी फेरी करून न्यायनिवाडा करायचा आणि मग रामाला घरी परतायचा. साऱ्या देशाने त्याचा प्रामाणिकपणा पाहिला. त्याच्या मुलांनी तो किती पाहिला असेल? तू मंगळवारी कमिटीत, गुरुवारी प्रार्थनासभेत, शनिवारी गायनाच्या सरावाला. चर्चला तुझी गरज आहे हे मी जाणते. पण त्यातली एक संध्याकाळ काढून घे आणि ती पोराला दे. उपदेशासाठी नको. त्याच्याबरोबर सायकलची चेन बसव, भाजी आण, काहीही कर.

आता एका घराची गोष्ट सांगते, आपल्या नाशिकशी नातं असलेल्या. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या कपाटात आहे, मीच लग्नात दिलं होतं. 1934 पासून ते भागाभागाने निघालं. शाळेत त्यातला एखादा गमतीदार धडा वाचला की आपल्याला वाटतं पुस्तक झालं. आईबाप झाल्यावर ते वेगळंच वाचलं जातं.

लक्ष्मीबाई 1868 साली इथे जवळच, जलालपूरला जन्मल्या. त्यांच्या आजोबांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली होती. त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यायची, मीठसुद्धा त्यातून सुटत नसे. घरातल्या बायका आणि लेकरं त्या धुण्यात भरडली गेली. मुलीने बापाचं हे सगळं जवळून पाहिलं, सोसलं, आणि मोठेपणी तरीही तेच सोवळं आपल्या घरात घेऊन आली. ही जागा मी जेव्हा वाचते तेव्हा थांबते. बापाच्या वागण्यातलं आपल्याला जे जाचलं, तेच आपल्या हातून कसं घडतं! चांगल्याचाच वारसा चालतो असं थोडंच आहे.

मग 1895 च्या फेब्रुवारीत त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन वेगळ्या राहिल्या, पंढरपूरला बहिणीच्या आधाराने दिवस काढले. पुढे पुन्हा नवऱ्याकडे आल्या, तरी त्यांचं सोवळं, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक चालूच होता. टिळक स्वभावाने तापट, हट्टी. कवी आणि उपदेशक, शब्दांना तोटा नाही. असा माणूस आपल्या बायकोवर शब्दांचा मारा करून तिला नमवू शकला असता. त्यांनी धर्माच्या बाबतीत तिच्यावर सक्ती केली नाही. वाट पाहिली. आणि लक्ष्मीबाईंनी आधी जात सोडली, स्वतःच्या मनाशी विचार करून: माणसामाणसांत हा भेद देवाने केलेला असणं शक्य नाही, म्हणून यापुढे कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. कुणाच्या भीतीने नाही, कुणाला बरं वाटावं म्हणून नाही.

पाच वर्षं, बाळ. आणि तू एक वर्षही न थांबता मोबाईल काढून घेतलास.

त्या घरात सगळं गोड होतं असं समजू नकोस. पैसा हातात टिकत नव्हता, नवरा-बायकोची भांडणं व्हायची, आणि लक्ष्मीबाईंनी ती भांडणं लपवली नाहीत. दत्तूने ती पाहिली. पण भांडण मिटलेलंही पाहिलं. दारात आलेल्या अनाथ पोरांना आई जवळ घेते, प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा करते, बाप मिशनचा पगार सोडून 1917 मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करतो आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या न झालेल्या सगळ्यांना जागा देतो, हेही पाहिलं. टिळक 1919 मध्ये गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन पूर्ण केलं. शाळेत न गेलेल्या बाईने! 1936 साली त्या आपल्या नाशिकलाच वारल्या. पुढे मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, आणि नातू अशोक यांनी त्या दोघांचं लेखन जिवापाड सांभाळलं, टिपा देऊन ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा लोकांपुढे ठेवलं. तीन पिढ्या एका घरात एकाच कामाला लागल्या. असं काम कुणाला आज्ञा देऊन करवून घेता येत नाही.

पंडिता रमाबाईंचं घरही मला असंच आठवतं. तिथे तर मुळात ख्रिस्ती बापही नव्हता. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांचा विरोध पत्करून, गंगामूळच्या रानात राहून. त्या आईने रमाबाईंना शिकवलं. आणि रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारून शेकडो विधवा आणि दुष्काळातल्या मुलींना शिकवलं, सगळं बायबल मराठीत उतरवलं. मुलगी मनोरमा त्यांच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिली. ती 1921 मध्ये गेली आणि पुढच्याच वर्षी आई. बापाने बायकोला पोथी शिकवली, तिथून हा ओघ सुरू झाला. देव कुणाच्या घरातून काय सुरू करेल ते आपण ठरवणारे कोण?

यावरूनच एक अवघड गोष्ट लिहिते. तू रागावशील, तरी लिहिते. तुझ्या चुलतबहिणीच्या स्थळाची बोलणी चालली होती तेव्हा तुमच्या बैठकीच्या खोलीत विचारणा झाली, ‘ते मूळचे कोण?’ पोरगा तिथेच गृहपाठ करत होता. आपण ख्रिस्ती माणसं प्रभुभोजनाला एका प्याल्यातून पितो आणि लग्नाच्या वेळी मूळ गाव, मूळ जात विचारतो. आपल्या मंडळ्यांतलं हे जुनं दुखणं आहे, नगरपासून नाशिकपर्यंत सगळ्यांना ठाऊक, आणि वेदीवरून फारसं कुणी बोलत नाही. लक्ष्मीबाईंनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे टाकून दिलं ते आपण अजून घरात ठेवलंय. तुझ्या मुलाने शब्बाथ शाळेत शिकलेलं सगळं त्या एका प्रश्नात पुसलं गेलं असेल तर मला नवल वाटणार नाही. पुढच्या वेळी तो प्रश्न कुणी विचारला की तू सरळ म्हण, आमच्या घरात हे विचारत नाहीत. मुलाच्या समोर म्हण. मोठ्या माणसांना वाईट वाटलं तर वाटू दे.

पैशाचंही तसंच. तुझे आजोबा, माझे वडील, इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये होते. दिवसभर नोटांच्या गठ्ठ्यांत राहायचं आणि सुटताना झडती देऊन बाहेर पडायचं, अशी ती नोकरी. पगाराच्या दिवशी ते घरी आले की आधी एक पाकीट भरायचे, दशांशाचं, मग आईच्या हातात बाकीचे पैसे. आम्हा मुलांना त्यांनी दशांश म्हणजे काय हे कधी समजावलं नाही. महिन्याच्या शेवटी घरात तेल संपलेलं असायचं आणि ते पाकीट फडताळात तसंच असायचं, आम्हाला दिसायचं. आज माझी पेन्शन बँकेत जमा होते, तरी पहिला हात त्या पाकिटाकडेच जातो.

कापणीच्या सणाला तू लिलावात एका भोपळ्यासाठी पाचशे रुपये बोललास, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगलं केलंस, पैसा देवाच्या कामाला गेला. पण त्याच आठवड्यात भाजीवालीशी तू मेथीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी हुज्जत घातलीस, पोरगा पिशवी धरून उभा होता. देवळातली बोली आणि फुटपाथवरची घासाघीस, त्याने दोन्ही पाहिलं. त्यातलं कुठलं आपल्या बापाचं खरं, हे तो ठरवणारच.

आणि माफी. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं एवढंच आपण अधोरेखित करतो. त्याच्या खालीच बापांना सांगितलंय की मुलांना चिडीला आणू नका. मोबाईल काढून घेताना पाहुण्यांसमोर तू त्याला जे बोललास, त्याबद्दल त्याची माफी माग. कारणं सांगू नकोस, ‘पण तूही...’ असं पुढे जोडू नकोस. मी चुकलो, मला माफ कर, एवढंच. आपल्या प्रभूच्या प्रार्थनेतलं क्षमेचं वाक्य तुमच्या घरात रोज म्हटलं जातं, ते वापरताना मात्र पोराने कुणाला कधी पाहिलंय, आठवून बघ. सूनबाई, तुम्हालाही हे लागू आहे. नवऱ्याची चूक मुलासमोर उगाळण्यापेक्षा त्याची माफी मुलासमोर स्वीकारा.

अजून एक. शाळेत कुणी त्याला ‘तुमचा धर्म परक्यांचा’ असं म्हटलं होतं ना? तू त्याला सांगितलंस, गप्प बस, लक्ष देऊ नकोस. त्याला लाज वाटते ती तुझ्या गप्प बसण्याची. तू आपल्या मित्रांना सांग ना, माझी पणजी नगर जिल्ह्यातली, आमच्या घरात भजनं मराठीत होतात, टिळकांची पदं आम्ही पिढ्यानपिढ्या गातो. इथे फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा स्टेशनपासून रस्ते भरून जातात. आपण कॅथलिक नसलो तरी मी दरवर्षी जाते. लेकराला कडेवर घेऊन आलेल्या, कपाळावर कुंकू असलेल्या बाया रांगेत मेणबत्ती धरून उभ्या असतात. त्यांना कुणी परका म्हणत नाही. इकडे मुक्तिधामच्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय लिहिलेत, तिथे शाळेच्या सहलीबरोबर आम्हीही गेलो होतो आणि आदराने वाचलं. येत्या सिंहस्थात हे गाव माणसांनी फुलेल, तेव्हा शेजारधर्म म्हणून आलेल्या-गेलेल्याला पाणी देऊ. आपल्या श्रद्धेवर पाय रोवून उभा असलेला माणूस दुसऱ्याच्या श्रद्धेकडे तुच्छतेने बघत नाही, आणि स्वतःची लपवतही नाही. हे तुझ्या बोलण्यातून, तुझ्या मैत्रीतून त्याला दिसू दे.

रात्रीची प्रार्थना छोटी करा. पाच मिनिटं पुष्कळ झाली. त्याने डोळे उघडे ठेवले तर ठेवू देत, त्याला टोकू नका. बायबल तू रोज सकाळी स्वतःसाठी वाच, त्याला हाक मारू नकोस. तीमथ्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौलाने आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचं नाव घेतलं. त्यांच्यात तो विश्वास आधी वसत होता म्हणून. रविवारी तुम्ही दोघं वेळेवर निघा, तो आला नाही तर दार ओढून जा, आणि परत आल्यावर त्याला आवडतं ते जेवायला करा. टोमणा नको. उपासनेहून आल्यावर तुमचे चेहरे आणि तुमचं बोलणं जाण्याआधीपेक्षा गोड असलं पाहिजे. पाळकांचा उपदेश किती लांबला आणि कुणाची साडी कशी होती याने ताट भरू नका.

मोबाईल त्याला परत दे. आठ दिवसांत दे, परीक्षेची वाट पाहू नकोस.

मे महिन्यात त्याला एकटाच पाठव. बसमध्ये बसवून दे, मी बिटको चौकात उतरवून घेईन. मी त्याला घेऊन जलालपूरला जाणार आहे, आणि शरणपूरला. तिथे पूर्वी मिशनरी डब्ल्यू. एस. प्राइस यांनी वसाहत उभारली होती, गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे शिक्षण आणि हातचा धंदा मिळे. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे मिशनरी लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत होता, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या अंत्यविधीलाही हजर होता. पोराला ही गोष्ट आवडेल. उपदेश मी काही करणार नाही. त्याने विचारलं तर सांगेन.

येताना त्याच्या पिशवीत ‘स्मृतिचित्रे’ टाकू नकोस. ते आधी तू वाचून काढ.

सूनबाईंना आणि नातवाला सलाम.

तुझी,
आत्या